खोलीतला उजेड मोजताना

१

सा देक गावात नदीकाठी थोआचं फोटोचं दुकान होतं आणि तिथे येणारी बहुतेक कामं मेलेल्या माणसांची असायची. कुणाची आजी, कुणाचा सासरा, कुणाचा होडीवरून पडलेला भाऊ. हातात ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातलं एखादं पुसट डोकं. "पितरांच्या देव्हाऱ्यात लावायचाय, जरा नीट करून द्या." नीट म्हणजे काय, ते थोआला तोंडपाठ होतं. सुरकुत्या कमी, कोट नवा आणि रंग गोरा. जन्मभर उन्हात वाकून भात लावलेली बाईसुद्धा देव्हाऱ्यात चढताना दुधात न्हाल्यासारखी दिसायला हवी. थोआने त्या गोऱ्या रंगाचं एक मिश्रणच कॉम्प्युटरमध्ये करून ठेवलं होतं आणि तेच ती सगळ्यांना फासायची. ज्याला फासलं तो कुरकुर करायला येत नाही, घरचे खूश होतात, मग बिघडलं कुठे? धंदा बरा चालला होता.

कुरकुर करणारं एकच माणूस होतं, आणि ते घरातलंच होतं. तिची आई. आळीत सगळे तिला भावंडांतल्या क्रमावरून चौथी मावशी म्हणत. दुकानाची खोली तीच घराची पुढची खोली. एका भिंतीला देव्हारा, दुसऱ्या भिंतीला थोआचा मॉनिटर आणि मधोमध आईचा जाळीचा झोपाळा. आईचे डोळे काचबिंदूने चालले होते. बांबूच्या नळीतून पाहावं तेवढंच तिला दिसायचं आणि ती नळीही रोज बारीक होत होती. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, जे पाहून घ्यायचंय ते लवकर पाहून घ्या.

घरी परत येताना होडीत आईने पाण्यात हात सोडला होता. मग म्हणाली, "मला तुझ्या बापाला एकदा बघायचंय. रंगात."

२

बाप हिएन. थोआ पोटात असताना विटांची होडी उलटून गेला. मागे उरला तो ओळखपत्रावरचा काळा-पांढरा फोटो आणि त्यावरून कुणा चित्रकाराने कोळशाने काढलेलं देव्हाऱ्यातलं चित्र. चित्रात टाय होता. आई त्या चित्राला रोज उदबत्ती लावायची आणि रोज म्हणायची, "कोण हा साहेब, कुणाला ठाऊक."

थोआने तर बापाला पाहिलंच नव्हतं. लोकांचे बाप रंगवून रंगवून तिचे हात झिजले, पण आपल्या बापाला हात लावायची तिला भीती वाटायची. माहीतच नसलेल्या माणसाला रंग कुठला द्यायचा? आता मात्र सबब उरली नव्हती. तिने फोटो मोठा केला, ओरखडे भरले, टाय काढून टाकला आणि रंग चढवला. प्रिंट काढून आईच्या त्या नळीपुढे धरली.

आईने प्रिंट जवळ घेतली, लांब धरली, तिरकी केली.

"गोरा केलास."

"थोडासाच."

"अगं, भट्टीवर विटा भाजायचा तो. बँकेत नव्हता."

थोआने दुसरी प्रिंट काढली, सावळी. आई म्हणाली, आजारी दिसतोय. तिसरी काढली. आई म्हणाली, आता मेलेला दिसतोय.

"आई, मेलेलाच आहे गं तो."

"म्हणून काय तसा दाखवायचा?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण आईने प्रिंट उलटी करून मांडीवर ठेवली. आईचे दिवस संपत नव्हते, पण बघायचे दिवस संपत होते, आणि आपण तिला एकामागून एक परके पुरुष दाखवतोय, हे थोआला सहन होईना.

३

कॉम्प्युटरचं सामान विकणारा खांग तिचा जुना मित्र होता. त्याने मॉनिटरपुढे बसून मान हलवली.

"थोआताई, तुझा स्क्रीनच खोटं बोलतोय. केवढा पिवळा पडलाय बघ. याच्यावर तू कितीही रंग जुळव, कागदावर भलतंच येणार. तुला कॅलिब्रेटर हवा."

बाजारात तराजू तपासतात, तसा स्क्रीन तपासणारा हा डोळा. स्क्रीनवर लोंबकळत ठेवायचा. स्क्रीन एकेक रंग दाखवतो, डोळा तो खरा किती ते मोजतो आणि चूक सुधारून घेतो. खांगने दोन आणले. एक कोरा, खोक्यातला, झटपट काम करणारा. दुसरा जुना, कान थो शहरातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला. हळू चालायचा, पण त्याच्या पाठीला आणखी एक भिंग होतं, खोलीत उजेड किती आणि कसा आहे ते मोजायला. तसं भिंग नव्यालाही होतं म्हणा.

"दोन्ही वापरून बघ. एक ठेव, एक मी शनिवारी घेऊन जाईन," खांग म्हणाला. मग त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथले दोन लाल दिवे दिवसरात्र जळायचे. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि हे दिवे जळत असताना तू रंग बघतेस? सगळ्या खोलीत लाली आहे. या गावात जो तो हीच चूक करतो. आधी ते बंद कर, मग माप."

"ते बंद करायचे नसतात," झोपाळ्यातून आई म्हणाली.

"मावशी, तासभरच."

"तासभर त्याला अंधारात बसवू?"

खांगने बिचाऱ्याने पिशवी उचलली. पण तो गेल्यावर आईनेच विचारलं, "दिवे घालवले तर तो नीट होईल का गं?" थोआ म्हणाली, होईल बहुतेक. आई थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने झोका देत राहिली. मग म्हणाली, "मी दुपारी झोपते तेव्हा घालव. मला बघायला लावू नकोस."

४

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, आळी सुस्तावली. थोआने दुकानाची लोखंडी घडीची दारं ओढली, खिडकीला काळं कापड लावलं आणि आईचा श्वास संथ झाल्यावर देव्हाऱ्याचं बटण बंद केलं. तिला आठवतं तेव्हापासून ते दिवे विझले नव्हते. खोलीचा आकारच बदलला. स्क्रीनही तिने अगदी मंद केला.

आधी नवा डोळा टेबलावर ठेवला. स्क्रीनवर एक पट्टी आली, एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला केशरी, खाली काटा. काटा हललाच नाही. खोलीत अंधार, काम सुरू करा, असं त्याने सांगितलं. शहाण्यासारखं.

मग जुना ठेवला. काटा क्षणभर जागेवर राहिला आणि हळूहळू केशरी टोकाकडे सरकू लागला.

थोआने आजूबाजूला पाहिलं. इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा ठिपका होता, त्यावर तिने चिकटपट्टी लावली. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. काटा तिथेच. आणि नुसता तिथेच नाही, तर तो थरथरत होता. जरा पुढे, जरा मागे. विजेचा दिवा असा थरथरत नाही, हे तिला लगेच कळलं आणि कळल्याचा तिला रागही आला.

जुनं यंत्र आहे, बिघडलं असेल. तिने भिंगावर तळहात ठेवला. काटा झपकन शून्यावर आला. हात काढला, पुन्हा वर. म्हणजे यंत्र मनचं सांगत नव्हतं. ते काहीतरी पाहत होतं, आणि तळहाताआड गेलं की त्याला ते दिसत नव्हतं.

तार लांब होती. थोआने डोळा हातात धरला आणि मान वळवून स्क्रीनवरचा काटा बघत खोलीत पावलं टाकली. देव्हाऱ्याकडे गेली तर काटा पडला. दाराकडे गेली तर आणखी पडला. झोपाळ्याकडे वळली आणि काटा चढायला लागला. झोपाळ्याच्या पलीकडे, भिंत आणि आई यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरती जागा होती. तिकडे भिंग केल्यावर काटा टोकाला जाऊन टेकला.

तिने डोळे फाडून पाहिलं. पलीकडे नुसता अंधार. अलीकडे स्क्रीनच्या मंद उजेडात आई गाढ झोपली होती, तोंड जरा उघडं, पाय झोपाळ्यात वर घेतलेले. आणि झोपाळा हलत होता. एका लयीत, दोरीचा तोच करकर आवाज. तान्ह्या बाळाला हळूच द्यावा, तेवढाच झोका.

पंखा असेल, थोआला वाटलं. तिने पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता.

५

थोआने दिवे लावले आणि जुना डोळा खोक्यात घालून वर दोरा गुंडाळला. तिला भीती वाटली ती स्वतःसाठी नव्हे. म्हाताऱ्या माणसाला न्यायला घरचं माणूस येतं, हे तिने दुकानात बसून शंभर गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि शंभरदा "हो का" म्हणून सोडून दिलं होतं. आता ते सोडून देता येईना. तो आईला न्यायला आलाय. आपण दिवे विझवले आणि त्याला वाट मोकळी करून दिली.

तिने खोकं उचलून खांगच्या दुकानात नेलं. "हा बिघडलाय, अंधारात उजेड दाखवतो." खांगने मागच्या कोठीत जाऊन दार लावून तो तपासला. तिला आत बोलावून काटा दाखवला. ठार शून्यावर.

"काही बिघडलेलं नाही. उलट नव्यापेक्षा बारीक बघतो हा. तुझ्याकडे कुठूनतरी उजेड येतोय, ताई."

"कुठून?"

"ते मला काय माहीत? घर तुझं," खांग म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून तो मऊ झाला. "नवाच ठेव ना मग. सोपा आहे, हमी आहे. याच्या नादी लागू नकोस."

तिने मान डोलावली, तरी परतताना जुन्याचं खोकं काखेत होतंच. शनिवारपर्यंत राहू दे, असं ती स्वतःशीच म्हणाली.

नव्या डोळ्याने तिने स्क्रीन जुळवला. काम चोख झालं, खोटं कशाला बोला. पांढरं पांढरं दिसलं, कागद आणि स्क्रीन बहिणीसारखे जुळले. बापाचा रंग तिने विटाभट्टीवरच्या माणसांचा बघून आली, तसा भरला. आईने प्रिंट नळीत धरली.

"छान आहे," ती म्हणाली.

"तो आहे का?"

"छान आहे गं." आईने तिचा हात थोपटला. "तू दमलीस. राहू दे आता."

हे मात्र थोआला फार लागलं. आई नाकं मुरडायची तोवर ठीक होतं. आता ती लेकीचं मन राखायला लागली होती.

थोआ झोपाळ्याशी जमिनीवर बसली. "आई, तू त्याला कुठल्या उजेडात बघायचीस?"

"म्हणजे काय? माणसाला बघतात त्याच."

"नीट सांग."

आईने आंबा सोलायला घेतला होता. बोटांनी चाचपत सालं काढता काढता ती बोलली. "दिवसा कोण बघतंय गं त्याच्याकडे? मी कोंडा वाहायची, तो विटा रचायचा. मुकादम डोक्यावर. दिवेलागण झाली की भट्टीला आग घालायची असायची. तो तोंडाशी बसून मूठ मूठ कोंडा टाकायचा. टाकला की भडकायचं, मग बसायचं, मग पुन्हा भडकायचं. मी समोर बसायची. काही काम नसायचं मला तिथे." ती जराशी हसली. "तेवढाच बघितला मी त्याला. तांब्याचा दिसायचा."

थरथरणारा केशरी काटा तिला डोळ्यांपुढे दिसत होता.

"हल्ली दुपारी झोपेत मला ऊब लागते," आई म्हणाली. "डाव्या अंगाला. बरं वाटतं."

"आई, मला भीती वाटते."

"कशाची?"

"तू जाशील त्याची."

आईने आंब्याची फोड तिच्या हातावर ठेवली. "जाईन तेव्हा जाईन. त्याला काय घाई आहे? घाई माझ्या डोळ्यांना आहे, पोरी."

शनिवारी खांग आला, तेव्हा थोआने त्याच्या हातात नवा डोळा ठेवला.

"अगं, हा चांगलाय."

"चांगलाच आहे."

"आणि त्या जुन्याने गिऱ्हाइकांची कामं बिघडली तर?"

"गिऱ्हाइकांचं नंतर बघू," थोआ म्हणाली. खांगने तिच्याकडे पाहिलं, झोपाळ्याकडे पाहिलं आणि जास्त काही न विचारता खोकं पिशवीत टाकलं.

६

त्या दुपारी आई झोपली नाही. झोपाळ्यात बसून राहिली, केस विंचरून, अंगात धुतलेलं फुलाफुलांचं पोलकं. "मीपण जागी राहते," एवढंच म्हणाली. दिवे घालवताना तिने तोंड फिरवलं नाही.

थोआने जुना डोळा स्क्रीनवर लोंबता सोडला. त्यात एक सोय होती, खोलीत जसा उजेड असेल तसा स्क्रीन जुळवून घ्यायची. सगळे ती बंद ठेवतात, कारण खरा रंग तो सगळीकडे सारखा असावा लागतो. थोआने ती सुरू केली. डोळ्याने पाठीमागच्या भिंगातून खोलीकडे पाहिलं. काटा केशरी टोकाला टेकला, थरथरला. मग स्क्रीनवर एकेक रंग यायला लागला. लाल, राखाडी, मातकट. प्रत्येक रंग उमटला की खोली तेवढीशी उजळायची आणि झोपाळ्याची करकर चालू राहायची. मापणं चाललं होतं तोवर तिने एकदाही झोपाळ्याच्या पलीकडे पाहिलं नाही. आईचे पाय जमिनीला टेकलेत की वर आहेत, हेही नाही.

काम संपलं. तिने बापाचा फोटो उघडला.

तिच्या धंद्यात असला फोटो कुणी पैसे देऊन घेतला नसता. गोरेपणाचा मागमूस नाही, एक गाल पेटलेला, दुसरा अंधारात. पण चेहऱ्याला आता हाडं होती. कपाळ तिचं होतं, थोआचं. रोज आरशात बघते तेच, मधोमध जरा दबलेलं. पस्तिशी उलटल्यावर तिला कळलं की आपलं कपाळ कुणाचं आहे. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

तिने मॉनिटर उचलून झोपाळ्याकडे वळवला आणि स्वतः त्याच्या बाजूला उभी राहिली. आईने मान इकडेतिकडे करून ती नळी बरोबर चेहऱ्यावर आणली.

झोपाळा थांबला होता.

"हा," ती म्हणाली. "हाच."

आणि वीज गेली. उन्हाळ्यात दुपारची जायचीच. स्क्रीन विझला, कॉम्प्युटरची घरघर बंद पडली आणि काळ्या कापडाच्या आत खोली मिट्ट झाली. थोआ चरफडली. इतक्या दिवसांचं सगळं केलं, आणि आईला बघायला मिळालं ते घोटभरच.

"कानाला राख आहे अजून," आई म्हणाली. "सांगायची मी, धुऊन ये म्हणून. ऐकेल तर शपथ."

"आई, वीज गेली गं."

"पोट खपाटीला गेलंय मेल्याचं."

फोटोत पोट नव्हतं. फोटो खांद्यापर्यंतच होता. थोआच्या पाठीला ऊब लागली, चुलीपाशी उभं राहिल्यावर लागते तशी, आणि जळलेल्या कोंड्याचा वास आला.

"जरा बाजूला सर," आई म्हणाली. "मधे आलीस."

थोआ एक पाऊल बाजूला झाली. तेव्हा तिला आईचा चेहरा दिसला. अंधारात तो दिसायला नको होता. तांबूस उजेड त्यावर भडकत होता, बसत होता, पुन्हा भडकत होता. सुरकुती न् सुरकुती दिसत होती आणि तरीही ती विशीतली पोर होती, काही काम नसताना भट्टीपुढे येऊन बसलेली. तिचे डोळे नळीतून बघत नव्हते. ते सगळं बघत होते.

नुसती मान वळवायची होती. जन्मभर ज्याला पाहिलं नाही, तो पाठीशी होता. पण थोआ वळली नाही. तो तिच्यासाठी आलेला नव्हता, आणि आईचा चेहराही असा पुन्हा कधी दिसणार नव्हता. तिने डोळेभरून आईला पाहून घेतलं.

"किती वेळ उभा ठेवणार आहेस त्याला?" आई हलकेच म्हणाली. "दमून आलाय. बापाला बस म्हण की."

थोआने खाली बघत, चाचपडत आपली खुर्ची ओढली आणि झोपाळ्याशेजारी नेऊन ठेवली. हा शब्द तिने आजवर कुणाला समोरासमोर म्हटला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "बसा."